सहमच्या अंगणातलं पाचट

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या फाटकाबाहेर एक पिकअप येऊन उभा राहतो आणि त्यातून खजुराच्या वाळक्या झावळ्या धडाधड खाली पडतात. शेजारच्या घरातली मल्याळी मुलं पहिल्या वर्षी विचारायला आली होती, "आंटी, होली है क्या?" होळी नव्हे बाळांनो, म्हटलं, उलट आहे. हे सगळं न जाळता अंथरायचं आहे.

मंडळी, आम्ही राहतो ते सहम म्हणजे ओमानच्या बातिना किनाऱ्यावरचं मासेमारीचं आणि बागायतीचं गाव. मस्कतहून वायव्येला निघालं की साधारण दोन तासांनी येतं, आणि अर्ध्या तासावर पुढे सोहार. सोहारचं बंदर आणि तिथले कारखाने उभे राहिल्यापासून आपली बरीच माणसं या पट्ट्यात आली. माझे यजमानही त्यातलेच. सोहारमध्ये भाडी चढी म्हणून २०१८ साली आम्ही सहमला घर घेतलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दूरवर हजर पर्वताची निळी रेघ, आणि मधे खजुराच्या बागा. घराला पुढे-मागे मिळून चार वाफ्यांइतकी मोकळी जागा. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. जागा दिसली आणि हातात खुरपं आलं नाही, असं कसं होईल?

पण इथली माती म्हणजे वाळूची थोरली बहीण. वरून पाणी ओता, खालून कधी गेलं कळत नाही. वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक डिसेंबर ते मार्चमध्ये, कधी एका दुपारीच उरकून टाकणारा. आपल्या कोकणात एवढा पाऊस जुलैतल्या एका दिवसात पडून जातो. आणि मग एप्रिलपासून जे ऊन सुरू होतं त्याबद्दल आखातात राहणाऱ्यांना सांगायला नको, आणि गावाकडच्यांना सांगून पटत नाही.

त्यात पाण्याचं दुखणं वेगळंच. नळाला येणारं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, ते बागेला घालायचं म्हणजे बिल बघून पोटात गोळा येतो. अंगणात विहीर आहे, म्हणजे बोअरच. मालकांचे वडील होते तेव्हा तिचं पाणी प्यायचे म्हणे. आता चहा केला तर मीठ घातल्यासारखा लागतो. बातिनाच्या सगळ्या किनारपट्टीची हीच कथा. पूर्वी बैलाने मोट ओढून जेवढं निघेल तेवढंच पाणी निघायचं. मग इंजिनं आली, पंप आले, जमिनीतलं गोडं पाणी उपसलं गेलं आणि त्याची जागा भरायला समुद्र आत सरकला. किनाऱ्यालगतच्या कितीतरी बागांत आज शेंडे गेलेले, नुसते खांबासारखे उभे खजूर दिसतात. खजूर हे खारं पाणी सोसण्यात सगळ्यांचा बाप. तोच जिथे हरला तिथे बाकीच्यांचं काय!

पहिल्या वर्षी मार्चमध्येच वाफ्यांवर पांढरा थर दिसला तेव्हा मी फोटो काढून आप्पांना पाठवला. पाच मिनिटांत फोन. "अगं, हे तर आपल्या मळीच्या रानासारखं झालंय!" आमच्याकडे नदीकाठच्या जमिनी क्षारपड झाल्या, हे सांगलीकडच्या वाचकांना माहीत असेल. तिथे कालव्याचं आणि नदीचं पाणी उसाला बेसुमार पाजून झाल्या, निचरा नाही म्हणून. इथे पाणी कमी म्हणून. वर आलेलं मीठ मात्र दोन्हीकडे सारखंच पांढरं. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रावर आप्पा दोन-तीनदा जाऊन आलेले, त्यामुळे त्यांचं ठरलेलं उत्तर तयार होतं. "पाणी उडून जातं, मीठ मागं ऱ्हातं. जमिनीला उघडी ठेवू नगंस. काहीतरी पांघर तिला."

आता आप्पांच्या तोंडी हे वाक्य यावं, यात एक गंमत आहे. कारण माझ्या लहानपणी ऊस तुटून गेला की पाचट पेटवण्यात आप्पांचा हात कोणी धरत नव्हतं. संध्याकाळी बांधावर उभं राहून फड पेटलेला बघायचा, सकाळी अंगणात काळी राख. एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट निघतं, ते सगळं दहा मिनिटांत खलास. एका वर्षी वारं फिरलं आणि आग शेजाऱ्यांच्या खोडव्यात शिरली. त्यांचा नवा ठिबकचा संच वितळून गेला. भरपाई दिली, भांडण मिटलं, पण आप्पांनी पुन्हा काडी लावली नाही. दुसऱ्या वर्षी पाचट सरीत दाबलं, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि ते कुजवायचं जिवाणूंचं संवर्धन टाकलं. गावातल्या लोकांनी नावं ठेवली. दोन पाळ्या पाणी वाचलं तेव्हा तीच माणसं बघायला आली. असो, माहेरचं पुराण सुरू झालं की मला थांबवत नाही.

तर, पांघरायचं. पण काय? आमचं पहिलं रोप लावून होतं न होतं तोच ३ ऑक्टोबर २०२१ चा तो रविवार आला. शाहीन वादळ. किनाऱ्याला धडकलं ते आमच्या दक्षिणेला, मुसन्ना आणि सुवैकच्या बाजूला, पण पाणी आमच्याकडेही आलं. खाबुरामध्ये तर काही वर्षांचा पाऊस एका दिवसात पडला. कोरड्या वाद्या भरभरून आल्या, आमच्या अंगणात गुडघाभर पाणी, आणि ओसरलं तेव्हा वाफ्यांच्या जागी चार बोटं गाळ. मोगरा, कढीपत्ता, शेवगा, सगळं गेलं. तेव्हा मालकांच्या घरून दोन दिवस जेवणाचं ताट यायचं. त्या ऋणाची गोष्ट पुन्हा कधीतरी.

त्यानंतरच्या वसंतात, म्हणजे २०२२ च्या मार्चमध्ये, मालकांच्या आई काठी टेकत आमच्या फाटकातून आत आल्या. आम्ही त्यांना आजीच म्हणतो, आणि त्याचा अर्थ त्यांना कळलाय. इथल्या जुन्या माणसांना हिंदी बऱ्यापैकी येतं, काही व्यापारामुळे, बरंचसं सिनेमांमुळे. त्यांच्या हातात दोन फुटांचं लिंबाचं रोप होतं, बी लावून वाढवलेलं. मागच्या अंगणात सावली कुठून कुठे जाते ते बघून त्यांनी जागा दाखवली आणि मुलाकडून खड्डा काढून घेतला.

हे लिंबू साधं नाही, हे मला नंतर समजलं. बातिना एकेकाळी लिंबाचा मुलूख होता. इथलं लिंबू उन्हात वाळवून काळं करतात, त्याला लूमी म्हणतात, आणि ते जहाजांतून दूरदूर जायचं. १९७० च्या दशकात एक रोग आला. फांद्यांना बारीक पानांचे झुबके फुटतात, अगदी खराट्यासारखे, आणि काही वर्षांत झाड मरतं. त्या रोगाने बागाच्या बागा साफ केल्या. मालकांच्या वडिलांची बागही त्यातच गेली. आजी तेव्हापासून दर काही वर्षांनी एक रोप लावतात, बागेपासून दूर, घराच्या आडोशाला. या वेळी जागा आमच्या अंगणात निघाली. झाड त्यांचं, राखण माझी.

आणि तेच झाड मी मारायला निघाले होते.

झालं असं की माझी चुलत बहीण न्यू जर्सीत असते. तिकडे एप्रिल आला की घराघरांत मल्च पसरायची धांदल. दुकानातून झाडाच्या सालीचा, रंगवलेला तपकिरी भुगा पोत्यांनी आणायचा, नाहीतर ट्रकने घरासमोर ढीग ओतून घ्यायचा, आणि फुलझाडांच्या वाफ्यांत पसरायचा. तिने तिच्या गल्लीचे फोटो पाठवले. हिरवळ, आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती भुग्याचा शंकूसारखा नीटनेटका ढीग. काय देखणं दिसत होतं! मी २०२४ च्या फेब्रुवारीत तसंच करायचं ठरवलं. तिच्याकडे सालीचा भुगा, माझ्याकडे झावळ्या. आपल्याकडची शिंदी असते ना, खजूर म्हणजे तिचाच मोठा भाऊ, त्यामुळे पानं तशीच चिवट. बागकाम करणारा चटगावचा भाई आहे, तो आणि मी दोघांनी दोन शुक्रवार कोयत्याने पाती तोडली. झावळीच्या बुडाशी दाभणासारखे काटे असतात, ते आधी छाटायचे. एक माझ्या तळहातात शिरला तो आठवडाभर ठणकत होता. मग सगळ्या वाफ्यांत अंथरलं, आणि लिंबाच्या बुंध्याभोवती फूटभर उंच डोंगर केला. न्यू जर्सीला फोटो पाठवला. अंगठे आले, बदाम आले.

जूनमध्ये मुलांच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. भाईला सांगून गेले, लिंबाला रोज पाणी, चुकवू नकोस. त्या बिचाऱ्याने एक दिवस चुकवलं नाही. ऑगस्टच्या मध्यात परत आलो. बाकीचे वाफे बरे होते, आदल्या वर्षांपेक्षा तर खूपच बरे, मोगरा चक्क जिवंत. लिंबाची पानं मात्र पिवळी पडून गळत होती. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी ओतलं.

तिसऱ्या दिवशी आजी आल्या. झाडाकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. सरळ खाली बसल्या आणि हाताने तो ढीग बाजूला ओढायला लागल्या. आत सगळं ओलं, कोंदट, कुबट वास. बुंध्याची साल मऊ पडलेली आणि तिच्यातून मधाच्या रंगाचा डिंक ओघळत होता. एवढंच म्हणाल्या, "गला बंद कर दिया इसका." मी तिथेच उभी. त्यांना काय सांगणार, की अमेरिकेतला फोटो बघून केलं म्हणून?

रात्री आप्पांना दाखवलं. त्यांच्या ओळखीतले काटोलकडचे एक संत्रेवाले आहेत, त्यांना फोन लावून दिला. ते म्हणाले, ताई, हा डिंक्या. संत्र्याला आमच्याकडे नेहमीचाच. बुंध्याशी ओल साठली की जमिनीतली बुरशी सालीत शिरते. ढीग काढा, सडलेली साल चाकूने खरवडा, खरवडलेली जाळून टाका, आणि बोर्डो पेस्ट लावा. म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मला एका झाडापुरतं वाटीभर हवं होतं, ते प्रमाण काढताना यजमानांनी कारखान्याचा हिशेब करावा तसा कागद भरला. मोरचूद सोहारच्या शेतीच्या दुकानात मिळाला. बुंध्याची जवळजवळ अर्धी गोलाई गेलेली निघाली. अर्धी शाबूत होती. तेवढ्यावर झाड जगतं, असं ते काका म्हणाले.

नंतर न्यू जर्सीच्या बहिणीला फोन केला तेव्हा कळलं की तिकडेही जाणती माणसं त्या शंकूंवर कपाळाला हात लावतात, त्याला ज्वालामुखीच म्हणतात. "अगं, सगळे करतात म्हणून माळीही तसंच करून जातो," ती म्हणाली. म्हणजे मी नक्कल केली ती नेमकी चुकीची.

त्यानंतर मात्र मी गोष्ट नीट समजून घेतली, आणि गेल्या वर्षीपासून करते ते असं. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी, अगदी उघडी माती. तिथून पुढे पानांच्या घेराच्याही थोडं बाहेरपर्यंत दोन ते तीन इंचांचा थर, त्याहून जाड नाही. थंड देशात लोक जमीन जरा तापेपर्यंत थांबतात, कारण बर्फानंतर मातीला ऊब हवी असते. आपलं उलटं आहे. जमीन अजून गार आहे, हिवाळ्याच्या पावसाची ओल आत आहे, तेवढ्यातच पांघरूण पडलं पाहिजे. एप्रिलमध्ये अंथरलं तर तापलेली कोरडी माती झाकून काय मिळणार? म्हणून फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. त्याच दिवसांत इथल्या बागांत माणसं खजुरावर चढून नराचे तुरे मादीच्या फुलोऱ्यात बांधत असतात. ती माणसं शेंड्यावर दिसली की मी कोयता काढते.

अंथरायच्या आधी एकदा भरपूर पाणी, नळाचं, बिलाकडे न बघता. वर साचलेलं मीठ मुळांच्या खाली ढकलायचं आणि मग झाकायचं. उघड्या मातीतून पाणी उडतं आणि मीठ वर सोडून जातं, झाकलेल्या मातीतून ते फार कमी उडतं, म्हणून थरही कमी फुटतो. रोज शिंपडलेलं थोडं थोडं खारं पाणी सगळ्यात वाईट, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! आता विहिरीचं पाणी फक्त खजुराला आणि बोगनवेलीला. लिंबू खाऱ्याच्या बाबतीत फार नाजूक, त्याला नळाचं, मार्चमध्ये तिसऱ्या दिवशी, मे-जूनमध्ये एक दिवसाआड, पण पोटभर. यजमानांकडे कामावरची तापमान मोजायची बंदूक आहे. गेल्या जूनमध्ये दुपारी दोन वाजता त्यांनी उघडी माती मोजली तर एकसष्ट अंश, आणि झावळ्यांचा थर सारून खालची माती अडतीस. मुलांना हे इतकं आवडलं की पुढचा आठवडाभर मांजरासकट सगळ्या घराचं तापमान घेऊन झालं.

कष्ट आहेत, ते लपवत नाही. खजुराची पाती लवकर कुजत नाहीत. याचा फायदा असा की एकदा अंथरलं की वर्षभर टिकतं, तोटा असा की खत म्हणून त्याचा लगेच उपयोग नाही. म्हणून खाली मी मेंढ्यांचं जुनं, पूर्ण कुजलेलं खत पातळ पसरते. ताजं घातलं होतं एकदा, टोमॅटोची रोपं करपली. किनाऱ्यावर तारली वाळत घातलेली असते, ती इथे जनावरांना चारतात आणि बागांनाही घालतात, पण त्या वासाला आमच्या घरात बहुमत मिळालं नाही. पश्चिमेकडून गरम वारं सुटतं, त्याला इथे घरबी म्हणतात, ते सगळा थर उडवून शेजाऱ्यांच्या दारात नेतं. म्हणून वरून झावळीचे कणे आडवे टाकायचे. हेच कणे बांधून इथले कोळी पूर्वी शाशा नावाची होडी करायचे, अख्खी झावळ्यांची, लाटांवर तरंगणारी. आजींच्या वडिलांची होती म्हणे. माझ्या वाफ्यावर पडलेले कणे बघून त्यांना ती आठवते.

वाळवीसाठी भिंतीपासून हातभर जागा सोडायची. हिरव्या, ताज्या तोडलेल्या झावळ्या आणि खोडाचे तुकडे तर अजिबात आणायचे नाहीत. कोकणात नारळ पोखरणारा सोंड्या भुंगा आहे ना, तोच १९९० च्या दशकात ओमानच्या खजुरात शिरला, आणि ताज्या जखमेच्या वासाने तो येतो. ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवायचं. इथे विंचू आहेत, आणि डोंगराच्या बाजूला आपल्या फुरशाचा एक भाऊबंदही आहे. भाई तर ढिगाला आधी दोन लाथा घालतो आणि मग बिस्मिल्ला म्हणतो.

सुरुवातीला त्याला हे सगळं पटत नव्हतं. मालकाच्या घरी अंगण रोज झाडून लख्ख करायचं, आणि इथे ही बाई कचरा पसरते. "भाबी, लोग बोलेगा मैं काम नहीं करता." मग त्याने पाण्याची पाइप हातात धरायचे तास मोजले. आता तो सहममधल्या आणखी तीन घरांत झावळ्या अंथरतो, आणि बुंध्यापासून किती अंतर ठेवायचं ते मलाच शिकवतो.

लिंबू वाचलं. गेलं पूर्ण वर्ष ते जागच्या जागी होतं, ना वाढ ना घट. ज्या बाजूची साल गेली तिकडची एक मोठी फांदी वाळली, ती काढावी लागली, त्यामुळे झाड आता एका अंगाला कललेलं दिसतं. आजी अधूनमधून येतात, शेंड्याला खराट्यासारखे झुबके फुटलेत का ते डोळे बारीक करून बघतात, मग खाली वाकून बुंध्याभोवतीची मोकळी जागा काठीने मोजतात. काठीची मूठ त्या जागेत बसली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. मला सांगत काही नाहीत. मोजून झालं की चहा मागतात.

परवा मी नव्या झावळ्या पसरत होते. व्हिडिओ कॉलवर आप्पा होतेच, फोन कुंडीला टेकवून ठेवलेला. त्यांचा आता श्वास लागतो, शेतात जाणं बंद आहे, त्यामुळे माझे चार वाफे हेच त्यांचं रान झालंय. "तिकडं कोपऱ्यात पातळ पडलंय," वगैरे चालू होतं. तेवढ्यात आजी आल्या. दोघं याआधी कधी बोलले नव्हते. आप्पांनी सवयीने हात जोडले, आजींनी छातीवर हात ठेवला. मग आजींनी माझा फोन उचलला आणि लिंबाच्या एका फांदीजवळ नेला. मला आधी काही दिसलं नाही. पानांच्या बेचक्यात पांढऱ्या, जांभळट कडेच्या चार-पाच कळ्या होत्या.

"यंदा फळ धरू देऊ नगंस," आप्पा फोनमधून म्हणाले. "झाड आजारातनं उठलंय. कळ्या काढून टाक."

मी ते हिंदीत आजींना सांगितलं. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला, आप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "एक रखेंगे," आणि एक सोडून बाकीच्या कळ्या स्वतः खुडल्या.